नाव कळेपर्यंतची सेवा

*साप्ताहिक अभ्यास-पाठ*



मागच्या पाठात आपण सेवेचा विचार केला होता. गावाची सेवा, मंदिराची सेवा, कार्यक्रमातली सेवा. त्यावर दोघी-तिघी भगिनींनी विचारलं, "ताई, घरातलं माणूसच आजारी असेल आणि मंडळात येणंच होत नसेल, तर आमची सेवा कुठे गेली?" हा पाठ त्या प्रश्नासाठी आहे.

त्यातही एक खास अवस्था आज घेऊ. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या अंगातली ताकद हळूहळू कमी होते आहे, डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, आणि तरी आजाराचं नाव कोणी सांगत नाही. बीपी म्हटलं, शुगर म्हटलं की लोकांना कळतं, घरच्यांनाही काय करायचं ते कळतं. पण नावच नसलेल्या आजाराला घरात कुठे बसवायचं, हेच समजत नाही. आमच्या घरी मागच्या पोळ्यापासून हेच चालू आहे, म्हणून हा पाठ लिहायला मी मागून घेतला. यांचं निदान अजून झालेलं नाही. पण या महिन्यांत जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं आणि रोज करून पाहिलं, ते सगळ्यांच्या कामी यावं.

पाठाचं सार आधीच सांगते. *नाव कळेपर्यंतचा काळ हा नुसता वाट पाहण्याचा काळ नाही, तो उपचाराचाच पहिला भाग आहे. आणि त्या काळातली सगळ्यात मोठी सेवा म्हणजे आपल्या माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणं.*

*१) थकवा वेगळा, ताकद जाणं वेगळं*

आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे: विकनेस. "विकनेस आलाय, एक सलाईन लावून घ्या" हा सल्ला गावोगाव मिळतो. सलाईन म्हणजे मीठपाणी किंवा साखरपाणी. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर त्याचा उपयोग आहे. स्नायूची ताकद त्यानं परत येत नाही.

थकलेल्या माणसाला काम करावंसं वाटत नाही, पण नेट लावला तर तो करतो. स्नायूची ताकद गेलेल्या माणसाला करावंसं वाटतं, तो नेटही लावतो, पण अंग उठत नाही. हा फरक घरातल्या माणसाला सगळ्यात आधी दिसू शकतो, कारण आपण चोवीस तास सोबत असतो. या गोष्टी पाहा:

- जेवणाच्या पाटावरून उठताना जमिनीला किंवा गुडघ्याला हात टेकवावा लागतो का?
- बसची पहिली पायरी चढताना दांडा धरून अंग वर ओढावं लागतं का?
- दोरीवर कपडे टाकताना, केस विंचरताना हात वर धरवत नाही का?
- चालताना चप्पल पायातून निसटते का, पायाचा चवडा जमिनीला घासतो का?
- शर्टाचं बटन, कुलपाची किल्ली, दुधाच्या पिशवीची गाठ जमेनाशी झाली का?
- उताणं झोपून मान उचलायला त्रास होतो का?
- संध्याकाळी पापणी खाली येते का, एकाचे दोन दिसतात का, बोलता बोलता आवाज बसतो का?

पहिल्या दोन गोष्टी मांडीच्या आणि कमरेच्या मोठ्या स्नायूंकडे बोट दाखवतात. चप्पल निसटणं आणि बटन न लागणं हे टोकाच्या स्नायूंचं आणि पुष्कळदा मज्जातंतूंचं लक्षण असतं. पापणी आणि आवाज हे आणखी वेगळं. म्हणजे "अंगात त्राण नाही" या एका वाक्यापेक्षा "पाटावरून उठवत नाही, पण बटन लागतं" हे वाक्य डॉक्टरला दहापट जास्त सांगून जातं.

आमच्याकडे संत्र्याच्या बागेत हे पहिल्यांदा लक्षात आलं. आळं करायला खाली बसले की उठताना झाडाची फांदी धरायचे. फांदी जवळ नसेल तिथे बसायचंच टाळायचे.

*२) निदानाला वेळ का लागतो?*

ताकद जायला शरीरातली अनेक ठिकाणं कारण होऊ शकतात. मेंदू, मानेतला किंवा पाठीतला मज्जारज्जू, तिथून निघणाऱ्या नसा, नस आणि स्नायू यांचा सांधा, आणि शेवटी खुद्द स्नायू. विजेच्या पंपासारखं समजा. पंप चालत नसेल तर दोष डीपीवर असेल, तारेत असेल, स्टार्टरमध्ये असेल किंवा मोटरमध्ये असेल. वायरमन एकेक जागा तपासत जातो, तसंच हे.

काही कारणं साधी आणि बरी होणारी आहेत, म्हणून डॉक्टर ती आधी शोधतात. थायरॉईड कमी असणं, ड जीवनसत्त्व फार कमी होऊन हाडं-स्नायू दुबळे होणं, बी-१२ कमी होऊन नसा खराब होणं, रक्तातलं पोटॅशियम उतरणं, जुनी शुगर. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनीही काही जणांचे स्नायू दुखतात आणि दुबळे होतात. गोळी मनानं बंद करायची नाही, पण डॉक्टरला सांगायची जरूर. आपल्या भागात कुष्ठरोग अजून संपलेला नाही. त्यात नस बाधित झाली की हाताची बोटं वाकतात, पाऊल लोंबतं, त्वचेवर बधिर चट्टा असतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेवर घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. लाजेनं लपवलं तर मात्र नसेचं नुकसान कायमचं राहून जातं.

यातून काही निघालं नाही की पुढच्या तपासण्या येतात. सीपीके नावाची रक्ततपासणी स्नायू झिजतो आहे का ते सांगते. एनसीव्ही आणि ईएमजी या तपासण्यांत नसेला बारीक करंट देतात आणि स्नायूत सुई घालून त्यातली विजेची हालचाल पाहतात. थोडं दुखतं, पण भीतीचं काही नाही. करंटची भीती आधीच बोलून काढली तर माणूस तिथे आकसत नाही. मग एमआरआय, कधी विशिष्ट अँटिबॉडीची रक्ततपासणी, कधी स्नायूचा लहान तुकडा काढून तपासणं, कधी जनुकांची तपासणी. शेवटच्या दोहोंचे रिपोर्ट यायला आठवडे लागतात. काही वेळा डॉक्टर मुद्दाम म्हणतात, "दोन-तीन महिन्यांनी परत पाहू." त्यांना काही कळत नाही असा त्याचा अर्थ नसतो. काही आजार कसे पुढे सरकतात यावरूनच ओळखले जातात.

सुरुवातीला आजार न ओळखला जाणं हे मोठ्या माणसांच्याही वाट्याला येतं. अमिताभ बच्चन यांना 'कुली'च्या अपघातातून वाचल्यानंतर, १९८४ च्या सुमारास, मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार असल्याचं कळलं. नस आणि स्नायूच्या सांध्यातला हा आजार. यात स्नायू वापरला की थकतो आणि विश्रांतीनं पुन्हा थोडा सावरतो. म्हणून सकाळी माणूस ठीक दिसतो आणि संध्याकाळी पापणी उचलत नाही. अशा माणसाला घरचे सहज म्हणून जातात, "सकाळी तर चांगले होते, आता काय झालं?" नाव कळल्यावर औषधानं ते सावरले आणि त्यानंतर कितीतरी वर्षं काम करत राहिले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

*३) वही*

डॉक्टरकडे आपल्याला दहा मिनिटं मिळतात. घरी आपण महिनाभर पाहिलेलं असतं. तो महिना त्या दहा मिनिटांत पोचवायचं साधन म्हणजे वही. दोनशे पानी साधी वही घ्या. रोज दोन-तीन ओळी, जास्त नाही.

काय लिहायचं: तारीख. आज काय जमलं नाही. सकाळी कसं होतं, संध्याकाळी कसं होतं. विश्रांतीनं फरक पडला का. दुखतं का, मुंग्या येतात का, बधिर वाटतं का, की नुसती ताकद नाही. पडले का, कुठे, कसे. जेवताना ठसका लागला का. लघवी गडद, चहाच्या रंगाची झाली का. हे शेवटचं दिसलं तर वहीत लिहून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. महिन्यातून एकदा वजन.

आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच खुर्चीवरून हात छातीशी बांधून पाच वेळा उठणं-बसणं किती सेकंदांत होतं ते मोबाईलच्या घड्याळावर मोजा. आपण शेजारी उभं राहायचं, जमत नसेल तिथे थांबवायचं. त्याच वेळी वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. पापणी पडलेली दिसली तर त्या क्षणी फोटो घ्या, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत ती वर गेलेली असते.

वहीच्या शेवटच्या पानावर सगळी औषधं लिहा. चूर्ण, काढा, मेडिकलवरून मनानं आणलेली गोळी, सगळं. वावरात कोणती फवारणी केली आणि कधी, तेही. आणि दोन्ही बाजूंच्या नात्यात, मामाकडेसुद्धा, कोणाला असा त्रास होता का ते वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा. "आमचे आजोबा उतारवयात लोळून राहायचे" इतकी आठवणसुद्धा उपयोगाची ठरू शकते.

जुने रिपोर्ट तारखेनं लावून एका फाईलमध्ये ठेवा. नवा डॉक्टर आधी जुनं पाहतो, आणि तीच तपासणी पुन्हा करायचे पैसे वाचतात.

*४) विश्वास*

आता पाठातला कठीण भाग.

एका दवाखान्यात यांना तपासून सांगितलं गेलं, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका, मनाचं आहे." बाहेर आल्यावर हे काही बोलले नाहीत. बसमध्ये नागपूर सुटल्यावर म्हणाले, "तुलेही तसंच वाटते काय?" मी म्हटलं, "मी रोज पाहते. मला तसं वाटत नाही." पुढे सौंसर येईपर्यंत ते झोपले. बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले.

भगिनींनो, नाव नसलेल्या आजारात रुग्णाला ताकद जाण्याइतकीच दुसरी एक भीती असते, की माझं खरं कोणी मानणार नाही. पुरुषमाणसाला ती जास्त बोचते. ज्यानं आयुष्यभर पोती उचलली त्याला पाण्याचा गुंड उचलवत नाही हे सांगणं त्याच्या जिवावर येतं. मग तो पडलेलं लपवतो, अंगणातल्या पायरीवर "जरा बसलो" म्हणतो. त्याला "हिंमत धरा", "मनावर घ्या", "चालत राहिलं की येते ताकद" असं म्हणणं वरून प्रेमाचं वाटतं. पण त्यातून त्याला इतकंच ऐकू येतं की तू प्रयत्न करत नाहीस.

रिपोर्ट नॉर्मल येणं म्हणजे आजार नाही असं नसतं. त्याचा अर्थ इतकाच, की त्या तपासणीत जे दिसू शकतं ते इथे नाही. त्यामुळे "सगळं नॉर्मल आहे" म्हटलं की नम्रपणे पुढचा प्रश्न विचारावा: "डॉक्टरसाहेब, मग पाटावरून उठता येत नाही ते कशानं असेल? पुढची तपासणी कोणती? न्यूरोलॉजिस्टला दाखवावं का?" आणि मनाचा भागही असेल तर त्याची लाज नको. काळजीनं आणि उदासीनं माणूस खरंच गळतो आणि त्यालाही उपचार आहेत. पण "मनाचं आहे" हे शेवटचं वाक्य होऊ देऊ नये.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. विश्वास म्हणजे सगळं हातातून काढून घेणं नव्हे. जे जमतं ते त्यांना करू द्यावं. बटन लावायला पाच मिनिटं लागत असतील तर पाच मिनिटं थांबावं. हात पुढे करण्याआधी विचारावं, "धरू का?" हा दोन शब्दांचा प्रश्न माणसाचा मान राखतो.

*५) घरात करायचे बदल*

निदानाची वाट पाहताना पडून खुब्याचं हाड मोडलं तर दुखणं दुप्पट होतं. म्हणून हे बदल आजच करावेत.

पाट बंद, जेवण खुर्ची-टेबलावर. बसायची खुर्ची उंच आणि हात असलेली. पलंग खाली असेल तर पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत, उठणं एकदम सोपं होतं. संडासात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची घ्यावी आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडा लावून घ्यावा. गावातला वेल्डिंगवाला तासाभरात करून देतो. न्हाणीत प्लास्टिकचा उंच स्टूल, खाली रबरी मॅट. पायात मागून पट्टा असलेली चप्पल. गोधड्या, पायपुसणी, वायरी रस्त्यातून उचलाव्यात. रात्री संडासापर्यंत लहान दिवा.

उठवताना हाताला किंवा काखेत धरून ओढू नये, खांदा निखळू शकतो. कमरेभोवती पंचा घट्ट बांधावा आणि तो दोन्ही हातांनी धरावा. त्यांना पुढे वाकायला सांगावं, आपले गुडघे वाकवावेत आणि एक-दोन-तीन म्हणून सोबत उठावं. आपली कंबर गेली तर दोघांनाही उठवायला कोणी नाही.

जेवताना सरळ बसून, हनुवटी थोडी खाली, लहान घास. टीव्ही बंद. पातळ पाण्यानं ठसका लागत असेल तर डॉक्टरला लवकर सांगावं.

व्यायामाचं: कारण कळेपर्यंत दंडबैठका, जोराची मालीश, "घाम निघेपर्यंत चाला" हे नको. काही स्नायुरोगांत जास्त श्रमानं नुकसान होतं. सांधे आखडू नयेत म्हणून हलकं हातपाय हलवणं पुरे, बाकी फिजिओथेरपिस्टला विचारून. सौंसरच्या मे महिन्यात काही नसांच्या आजारांत उन्हानं ताकद आणखी उतरते. तेव्हा दवाखान्याची फेरीही पहाटेच्या गाडीनं करावी.

*६) या वेळी वाट पाहायची नाही*

संथ वाढणाऱ्या आजारात धीर लागतो. पण काही खुणा दिसल्या की धीर धरणं चूक. लगेच १०८ ला फोन, किंवा मिळेल त्या गाडीनं मोठा दवाखाना:

- श्वास अपुरा पडतो, आडवं झोपलं की गुदमरतं, एका श्वासात पूर्ण वाक्य बोलवत नाही
- लाळ किंवा पाणी गिळता येत नाही, मान सावरत नाही
- तासांत किंवा दोन-चार दिवसांत ताकद भराभर उतरते, पायांकडून वर चढत जाते
- लघवी-संडासवरचा ताबा जातो
- एकाएकी तोंड वाकडं, एका बाजूचा हात-पाय लुळा, बोलणं बोबडं. हा लकवा. यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्यासाठी पहिले साडेचार तासच हाती असतात

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुईलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले, आणि पाहता पाहता दोनशेच्या आसपास पोचले. दूषित पाण्यातून पोटाचा संसर्ग होतो, मग शरीराची रोगप्रतिकार शक्तीच नसांवर उलटते, आणि जुलाबानंतर काही दिवसांनी पाय लटपटायला लागतात. त्यातले बहुतेक लोक बरे होऊन घरी गेले, कारण ते वेळेवर दवाखान्यात पोचले. म्हणून "जुलाबाचा विकनेस असेल" असं समजून जागेवर बसू नये.

आपल्या शेतीच्या भागासाठी आणखी दोन गोष्टी. फवारणी केलेल्या माणसाला घाम, लाळ, उलट्या होऊन गेल्या, बरं वाटलं, आणि एक-दोन दिवसांनी मान उचलवेना किंवा श्वास जड झाला, तर तो विषाचाच दुसरा टप्पा असू शकतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कितीतरी शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरू नये. दुसरं, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पापण्या पडल्या, जीभ जड झाली, पोटात दुखतं म्हणतो, तर मण्यार, म्हणजे आपल्याकडे करैत म्हणतात तो, चावला असू शकतो. त्याचे दात लागलेले पुष्कळदा दिसतही नाहीत. झाडफूक नाही, थेट दवाखाना.

*७) श्रद्धा आणि तपासणी*

आपण जामसावळीच्या पायथ्याचे लोक. निद्रिस्त मारुतीच्या दर्शनाला दूरदूरचे लोक आपली आजारी माणसं घेऊन येतात ते आपण लहानपणापासून पाहतो. आम्हीही गेलो, पुन्हा जाऊ. दर्शनानं मन शांत होतं, आणि शांत मनानं पुढची सुई सोसवते. पण तपासणीची तारीख आणि दर्शनाची तारीख एकाच दिवशी आली तर आधी तपासणी, मग दर्शन. देव तारीख चुकवल्याबद्दल रागावत नाही. दवाखान्यात मात्र पुढचा नंबर महिन्यानं लागतो.

कोणी म्हणतं, मागच्या जन्माचं आहे. कोणी म्हणतं, श्रद्धा कमी पडली. राष्ट्रसंतांनी अंधश्रद्धेवर आयुष्यभर कोरडे ओढले, आणि ग्रामगीतेत गावाच्या आरोग्यासाठी वेगळा अध्याय लिहिला. शेवटी खुद्द महाराजांच्या देहालाही कर्करोगानं गाठलं, आणि ११ ऑक्टोबर १९६८ ला ते आपल्यातून गेले. ज्यांच्या श्रद्धेचं माप आपण घेऊ शकत नाही, त्यांचाही देह आजारी पडला. मग आपल्या घरातल्या माणसाच्या आजाराला त्याच्या श्रद्धेचं माप लावायचं कशाला?

आणखी एक सावधपणा. "शर्तिया इलाज" म्हणून पुड्या देणारे आपल्या भागात फिरतात. अशा पुड्यांत कधी कधी न सांगता स्टेरॉईड घातलेलं असतं. पहिले काही दिवस तरतरी येते, पण पुढे त्याच स्टेरॉईडनं स्नायू दुबळे होतात, शुगर वाढते, आणि काही तपासण्यांचे निष्कर्षही फसवे येतात. पुडी घेतली असेल तर लपवू नका, वहीत लिहा आणि डॉक्टरला दाखवा.

*८) कुठे जावं, पैशाचं काय*

छिंदवाडा आणि नागपूर दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. नागपूर आपल्याला साठ-सत्तर किलोमीटर. तिथे मेडिकल, त्याचं सुपर स्पेशालिटी आणि मिहानमधलं एम्स आहे. एक न्यूरोलॉजिस्ट धरावा आणि त्याच्याच हाताखाली तपासणी पूर्ण करावी. दुसरं मत घेणं चांगलं, पण दर पंधरा दिवसांनी नवा दवाखाना केला तर प्रत्येक जण पहिल्या पानापासून सुरू करतो.

आयुष्मान कार्ड असेल तर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, आणि आपलं मध्यप्रदेशचं कार्ड नागपूरच्या यादीतल्या दवाखान्यातही चालतं. मात्र ते भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. बाहेरून केलेल्या बहुतेक तपासण्यांचे पैसे खिशातून जातात. म्हणून प्रत्येक तपासणीआधी विचारावं: ही सरकारीत होते का, भरती करून होईल का? पुढे निदान झालं आणि अपंगत्व ठरलं, तर २०१६ च्या कायद्यात स्नायुक्षय आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांसारखे आजारही धरलेले आहेत. त्याचं प्रमाणपत्र काढता येतं.

*९) सोबत्याचं उदाहरण*

आपल्या विदर्भातच एक मोठं उदाहरण आहे. नागपूरच्या घुलेशास्त्री घराण्यातल्या साधनाताई आमटे. बाबा आमट्यांच्या मणक्याच्या आजारानं त्यांना बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. अशा शरीरानं १९८५ मध्ये बाबांनी कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' यात्रा केली, गाडीत पडून. १९९० मध्ये दोघं आनंदवन सोडून आपल्याच मध्यप्रदेशात, नर्मदेकाठी कसरावदला येऊन राहिले. त्यांच्या आजाराचं नाव ठाऊक होतं, आपल्यापैकी काहींना तेवढंही नसतं. पण शरीर जे करू देत नाही त्याच्याभोवती संसार नव्यानं मांडायचा आणि माणसाचं काम थांबू द्यायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच. बाबा बसू शकत नाहीत म्हणून गाडीत पलंग आला. आपल्या घरी वावरात जाता येत नसेल तर बांधावर खुर्ची नेता येते. आमचे हे आता खुर्चीवर बसून मजुरांना कोणती फांदी छाटायची ते सांगतात. बाग त्यांचीच आहे. साधनाताईंचं 'समिधा' हे आत्मकथन मिळालं तर जरूर वाचा.

*१०) सांभाळणाऱ्याची काळजी*

आपण रात्री मोबाईलवर लक्षणं टाकून पाहत बसतो. त्यातून सगळ्यात भयंकर आजारच वर येतो आणि झोप जाते. त्यापेक्षा प्रश्न वहीत लिहावा आणि पुढच्या भेटीत विचारावा. आमच्या घरी नियम केला आहे: संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर दहा मिनिटं आजाराचं बोलायचं. पैसा, भीती, पुढचं, सगळं. दहा मिनिटांनंतर तो विषय बंद, मग मुलांचे फोन, भाजी, बागेचं पाणी.

नातेवाईक विचारतात, "काय निघालं?" रोज तेच सांगून जीव थकतो. एक वाक्य ठरवून ठेवा: "तपासणी सुरू आहे, कळलं की आम्हीच सांगू." तेवढं पुरतं.

आणि मंडळातल्या सर्वांना विनंती. अशा घरी जाल तेव्हा नवीन औषध सांगू नका, कोणाचा काका कसा गेला ते सांगू नका. विचारा, "मंगळवारी नागपूरला जाताना सोबत येऊ का?" "तुम्ही बाजार करून या, मी दोन तास इथे बसतो." "संडासात दांडा लावायचा आहे का?" भजनाचा एक कार्यक्रम त्यांच्या अंगणात घ्या. ज्यांना खंजिरी वाजवता येत नाही त्यांनाही टाळ धरता येतो, आणि तोही जड झाला तर ऐकता येतं.

*मननासाठी प्रश्न*

१. माझ्या घरात कोणी अलीकडे एखादं काम गुपचूप टाळायला लागलं आहे का? का, ते मी विचारलं का?
२. "हिंमत धरा"च्या ऐवजी मी आज काय म्हणू शकते?
३. आपल्या मोहल्ल्यात असं एखादं घर आहे का, जिथे आपण गेल्या महिन्यात फिरकलो नाही?

*या आठवड्याचा संकल्प*

ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी आज वही सुरू करावी. बाकीच्यांनी अशा एका घरी जाऊन एक ठरावीक काम अंगावर घ्यावं आणि ते पूर्ण करावं.

आमचा पुढचा रिपोर्ट पुढच्या पंधरवड्यात येईल. त्यात नाव असेल किंवा नसेलही. तोपर्यंत रोजचं उठणं-बसणं, रोजच्या तीन ओळी आणि संध्याकाळची प्रार्थना चालू आहे.

जय गुरुदेव 🙏